ओल्या लाकडावरचा गेरू

आमच्या कुंपणाला आम्ही दर वर्षी चुकीच्या दिवशी तेल लावत होतो, आणि ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. नकळत झालेली चूक माणूस स्वतःला माफ करतो. आमची चूक विचार करून, सभा घेऊन, टाळ्या वाजवून ठरवलेली होती. म्हणून तिच्याबद्दल लिहायला मला इतका वेळ लागला.

दिवस दोन ऑक्टोबरचा. वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला या दिवसाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी प्रभातफेरी, मग झाडू, मग भाषण. आमच्या गावात त्याला एका कामाची जोड होती. नाल्याच्या काठाने काही घरांच्या भाजीच्या वाड्या होत्या. त्या सगळ्या वाड्यांना मिळून एकच लाकडी कुंपण होतं, आणि त्या दिवशी गावाने त्या कुंपणाला जवसाच्या तेलात कालवलेला गेरू लावायचा, अशी पद्धत होती.

कुंपण माझ्या जन्माआधीचं. नाल्यापलीकडे झुडपी जंगल आहे. तिथून रोही येतात, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं येतात. रोही वरून खाते, डुक्कर खालून उकरतं. एका वाडीला कुंपण घातलं तर जनावर शेजारच्या वाडीत जातं. तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच घालावं, हे बाबांनी सुचवलं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ज्याच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभूळ होती त्याने खांब दिले. ज्याच्याकडे नव्हती त्याने खड्डे खोदले. खांबांची बुडं आगीत काळी होईपर्यंत भाजली, त्यावर डांबर फासलं आणि मग गाडली. आडव्या बल्ल्या निलगिरीच्या. असं ते कुंपण उभं राहिलं, आणि त्याआधी, अर्थातच, त्याचं पत्रक निघालं.

आमच्या घरात प्रत्येक गोष्टीचं आधी पत्रक निघायचं. दारूच्या दुकानाविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, नाल्यात कचरा टाकण्याविरुद्ध. उरलेली पत्रकं गादीखाली असत, कपाटात अंथरलेली असत, पिठाच्या डब्याखाली असत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. ‘आवाहन’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी वाचता यायला लागला, असं आई सगळ्यांना सांगते. तिच्या सांगण्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

जवसाचं तेल आईच्या माहेरून, रोहण्याहून यायचं. मामा ते डब्यात भरून एसटीत ठेवून द्यायचे. आई मोठ्या गंजात ते उकळून घट्ट करायची आणि घरभर मासळीसारखा वास सुटायचा. शाकाहारी घरात मासळीचा वास! शेजारची काकू नाक धरून यायची आणि म्हणायची, “मास्तरीण, आज का झिंगे शिजवले काय व?” मग त्यात गेरू, थोडं करंजाचं तेल, आणि तो लाल, दाट रंग बादल्यांत ओतायचा.

आसपासची गावं वेगळं करत. हायवेवर जाम गावाच्या चौकात ट्रकांची गॅरेजं आहेत, तिथे इंजिनातून काढलेलं काळं ऑईल असंच मिळतं. तेच सगळे खांबांना फासतात. उधई, म्हणजे वाळवी, त्याच्या वासालाही थांबत नाही. पण बाबांनी ते कधी लावू दिलं नाही. पहिल्या पावसात ते ऑईल खाली उतरतं, वाफ्यात जातं, वांग्यात जातं, आणि ते वांगं आपण वर्ध्याच्या बाजारात दुसऱ्याच्या लेकराला खायला विकतो, हे त्यांचं म्हणणं. याबाबतीत बाबा बरोबर होते. पुढे जे काही झालं त्यानेही ते चूक ठरत नाहीत, आणि कुणी मला तसं म्हटलं तर मी आजही भांडते.

चूक होती ती दिवसाची. पावसाळा नुकताच सरलेला असतो. चार महिने भिजलेलं लाकूड आतून गच्च ओलं असतं. त्यावर तेल लावलं तर ते मुरत नाही, वर पापुद्रा धरून बसतं. आतलं पाणी आत कोंडतं, आणि सावलीत, अंधारात, ओलीत काय पोसलं जातं ते शेतकऱ्याच्या घरात सगळ्यांना कळतं. तेल द्यायचं ते वैशाखात, लाकूड हाडासारखं कोरडं झाल्यावर. बैलगाडीला आमच्याकडे कायम उन्हाळ्यातच तेल दिलं गेलं आहे.

हा वाद मी लहानपणी ऐकला आहे. आमच्याच ओसरीवर बैठक होती. मी आईच्या मांडीला टेकून बसले होते.

“वैशाखात लावा ना हो,” आई बाबांना म्हणाली. “ओल्यावर लावून काय फायदा?”

नाल्याच्या टोकाला वाडी असलेले एक म्हातारे आजोबा होते. ते तंबाखू मळता मळता म्हणाले, “गुरुजी, मास्तरीणबाई बरोबर बोलून राह्यल्या. लाकडाले दोन ऑक्टोबर समजत नाई.”

सगळे हसले. बाबाही हसले. मग ते म्हणाले, “लाकूड वर्षभर उभं राहते, भाऊ. माणसं एकच दिवस येते. वैशाखात तुम्ही याल काय? लग्नं सोडून? उन्हात?”

“मी तर सावलीतही नाई येत,” आजोबा म्हणाले आणि पुन्हा हशा झाला.

“मंग? मी माणसाचा दिवस धरतो. लाकडाचं पाहून घेऊ.”

टाळ्या पडल्या. आईने मात्र वाजवल्या नाहीत. तिच्या हातात सुपारीचं तबक होतं.

आणि खरं सांगायचं तर कितीतरी वर्षं बाबांचं गणित चुकलं नाही. त्या दिवशी अर्धं गाव वाडीत असायचं. कुणी ब्रश, कुणी चिंधी, कुणी नुसता हात. लहान पोरं खालच्या बल्ल्या रंगवायची आणि संध्याकाळी गुडघ्यांपर्यंत लाल होऊन घरी जायची. बाया गाणी म्हणायच्या आणि गाण्यात बाबांच्या भाषणाची नक्कल करायच्या. मुख्य म्हणजे, एखादा खांब हलतो आहे असं दिसलं की तिथेच चार गडी भिडायचे. जुना खांब उपटला, नवा भाजला, गाडला, चहा झाला, पुढे चला. ओल्या लाकडाची चूक माणसं भरून काढत होती. लाकूड कुजायचं, पण कुजलेलं उभं राहायचं नाही. इतके हात असले की चुकीचा दिवसही परवडतो.

ते हात कुठे गेले, याचं पत्रक मी मनात अनेकदा लिहिलं आहे. लिहिताना प्रत्येक वेळी वाटतं की शेवटी गुन्हेगार सापडेल. तो सापडत नाही. काकूचा मुलगा सेवाग्रामला दवाखान्यात कामाला लागला आणि तिने वाडी करणं सोडलं. तिने सोडू नये असं मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? तंबाखूवाले आजोबा वारले. त्यांच्या मुलांनी त्यांच्या बाजूच्या बाभळी विकल्या. कुणाची पोरगी नर्सिंगला, कुणाचा पोरगा नागपूरला. सगळी चांगल्या घरची, चांगली माणसं, आणि सगळ्यांची कारणं खरी.

शेजारच्या दादाचं तर कारण सगळ्यांत खरं होतं. तो माझ्याहून थोडाच मोठा. त्याने आपल्या वाडीला झटका मशीन लावलं, म्हणजे सौर बॅटरीवर चालणारी करंटची तार. जनावर मरत नाही, पण झटका बसला की परत फिरकत नाही. सामाईक कुंपणातून तो बाहेर पडला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझं पहिलं स्वतःचं पत्रक नुकतंच छापून आलं होतं. ते घेऊन मी त्याच्या वाडीत गेले. तो मेथीला पाणी देत होता. त्याने पत्रक वाचलं, पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

“मस्त लिवलं व,” तो म्हणाला. “आता हे रोह्याले वाचून दाखव एकदा.”

“दादा, मस्करी नको करू. तुझ्या तारेला लागलं की ते जनावर कुठं जाते? आमच्याकडे येते.”

“मंग? मी का त्याले तुमचा पत्ता देल्ला?”

“सगळ्यांचं एक कुंपण होतं.”

“होतं,” तो म्हणाला. “त्याले धरायले माणसं पण होते. मी एकटा कितीक दिवस टेका देऊ?” मग पाण्याचं दार फावड्याने वळवत त्याने विचारलं, “तू राहतं काय इथं? वर्ध्याले खोली केली ना तू?”

मी वर्ध्याला राहत होते. मी त्याला तेव्हा उत्तर दिलं की मी जिथे असेन तिथून लढेन. त्याने मला एक मेथीची जुडी दिली.

मधली काही वर्षं शहरातून एक गट येऊ लागला. त्यांचं नाव लिहिणार नाही, कारण त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही. पांढरे कपडे, टोप्या, उत्साह. बाबांना वाटलं, दिवस पुन्हा भरतो आहे. ते त्यांना कुंपणाचा इतिहास सांगत आणि ते लोक माना हलवत. मग ब्रश घेऊन ओळीने उभे राहत. लाकडी कुंपण सडतं ते जमिनीलगत, खांब मातीत शिरतो त्या वीतभर जागेत. फोटो मात्र छातीच्या उंचीवर येतो. वरची बल्ली दर वर्षी दोनदा रंगून निघायची. बुडाशी वाकायला आम्ही तिघं उरायचो: आई, बाबा, मी. आई वाकलेली असतानाच एकदा कुणीतरी म्हणालं, “मावशी, जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय.” आई बाजूला झाली. मी त्या माणसाला जे बोलले ते बाबांना आवडलं नाही. पाहुण्यांशी असं बोलू नये म्हणाले. पुढच्या वर्षी तो गट आला नाही. त्यासाठी बाबांनी मला कधी दोष दिला नाही, पण रस्त्याकडे ते दुपारपर्यंत पाहत होते.

आता सामाईक कुंपण म्हणजे आमच्याच वाडीच्या तीन बाजू उरल्या होत्या. चौथ्या बाजूला दादाची तार. झटक्याने परतलेली जनावरं सरळ आमच्या लाकडावर येत.

गेल्या हिवाळ्यात डुकरं शिरली आणि आईचा फुलकोबीचा अर्धा वाफा गेला. आईने वाडी एकटीने केली आहे. बाबा शाळेत होते आणि नंतर चळवळीत. पहाटे भाजी खुडून, पोत्यात बांधून, बाजारात बसून घर तिने चालवलं, आणि आमची पत्रकंही. होळीच्या सुमारास ती चुलीपुढे बसून बाबांना म्हणाली, आवाज न चढवता,

“आणखी एक हिवाळा पाहीन मी. कुंपण टिकलं तर वाडी. नाई टिकलं तर सेवाग्रामले मेसमधी पोळ्या लाटाले बाई पाह्यजे, काकूनं सांगतलं. मी जाईन.”

“तू पोळ्या लाटशील? दुसऱ्याच्या?” बाबा म्हणाले.

“आजपर्यंत कोनाच्या लाटल्या? तुमच्या सभेच्याच ना?”

बाबांनी चुलीत लाकूड सारलं. मी मात्र पेटले. मला वाटलं, एवढंच ना? कुंपण टिकवायचं ना? मग टिकवू. चुकीचा दिवस बदलू. वैशाखात लावू. आईची लहानपणी ऐकलेली मागणी आता मी पूर्ण करणार होते. मी रात्र घालवून पत्रक लिहिलं नाही, एका दुपारीच लिहून काढलं, इतकं ते माझ्या आत तयार होतं. ‘या वेळी वैशाखात’ असं त्याचं शीर्षक. ओलं लाकूड, कोरडं लाकूड, तेल कसं मुरतं, कुंपण एकाचं का नसतं, सगळं त्यात होतं. गावात घरोघर वाटलं. वर्ध्याच्या मित्रमैत्रिणींना पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे आले, मुठी आल्या, लाल हृदयं आली. गावातल्या एका मामींनी पत्रक हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, “पोट्टे, ऊन पाह्यलं काय बाहेर? मानूस वितळते. गुरुजीइले सांग, दोन ऑक्टोबरले येऊ, नेहमीसारखं.”

“मामी, तेव्हा लाकूड ओलं राहते.”

“असू दे ना व. तेवढंच भेटनं होते.”

पत्रकात ठरवलेल्या दिवशी कुणी आलं नाही. मी हे एका ओळीत लिहून संपवते, कारण त्यात वर्णन करण्यासारखं काही नव्हतं. रस्ता पांढरा पडला होता आणि लांब कुठेतरी लग्नाचा बँड वाजत होता.

आम्ही तिघांनीच सुरुवात केली. आणि मला हे कबूल केलं पाहिजे की पहिला तास सुखाचा होता. नाल्याकडची, त्यातल्या त्यात नवी बल्ली आधी घेतली. चिंधी फिरवली की लाकूड तेल ओढून घ्यायचं. लावलं की गायब, पुन्हा लावलं की पुन्हा गायब. आई हसली. “पाहा कसं पिऊन राह्यलं,” ती म्हणाली. “तहान लागली होती बिचाऱ्याले.” बाबांनी डोक्यावरचा पंचा ओला करून आणला आणि एकदा आईच्या डोक्यावर ठेवला. मी इतक्या वर्षांत त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं.

मग खांबांकडे वळलो. नवं तेल लावण्याआधी जुना पापुद्रा खरवडायला हवा होता. वर्षानुवर्षांचे लाल थर एकावर एक बसून चामड्यासारखे झाले होते. मी स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन बुडाशी खरवडू लागले आणि पेचकस आत गेला. मुठीपर्यंत गेला, काही न लागता. बाहेर ओढला तर टोकाला ओलसर माती. उधईने खांब आतून खाऊन मातीने भरला होता. बाहेरून तो लाल, तुकतुकीत, ताठ. वैशाखातही आतून ओला. आमचंच तेल त्याची ओल बाहेर जाऊ देत नव्हतं.

मी दुसरा खांब ठोकून पाहिला. तिसरा. भोपळ्यासारखा आवाज.

“वरून तर चांगला दिसते,” बाबा म्हणाले.

“वरून चांगलाच हाय,” आई म्हणाली आणि धुऱ्यावर बसली.

नवे खांब गाडायचे तर लाकूड कुठलं? बाभळी विकल्या गेल्या होत्या, इतरांच्या आणि आमच्याही. आणि वैशाखात काळी माती दगड होते. लोखंडी सब्बल मारली की ठिणगी उडते. त्या जमिनीत खड्डे घ्यायला गडी लागतात, घरातली तीन माणसं पुरत नाहीत. त्या दिवशी मला सगळं एकदम लख्ख दिसलं. लाकूड तयार असतं तेव्हा माणूस येत नाही, आणि माणूस येतो तेव्हा लाकूड तयार नसतं. बाबांनी माणसाचा दिवस धरला होता. माणसं गेल्यावर आमच्या हातात फक्त तारीख राहिली, आणि ती आम्ही इमानाने पाळत राहिलो. मी वैशाख निवडून ती चूक सुधारायला निघाले होते. पण दिवस बदलून काय होणार होतं? दिवसाचा प्रश्न कधीच संपला होता. माझं अख्खं पत्रक एका संपलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं.

तरी आम्ही लावलं. कुजलेल्या खांबांना तारेने टेकू बांधले आणि बरोबर दिवशी, कोरड्या हवेत, उत्तम घट्ट तेल त्यांच्यावर लावलं. बाबा एकेका खांबाच्या बुडाशी गुडघे टेकून बसत होते. त्यांना उठवायला मला हात द्यावा लागत होता. तेल संपलं तेव्हा काम संपलं.

मी वर्ध्याला परतले. आषाढ ठीक गेला. श्रावणात आई फोनवर म्हणाली, उभं हाय. भाद्रपदात झड लागली, सूर्य न दाखवणारी, आणि काळी माती लोण्यासारखी झाली. एका सकाळी फोन आला. आई एवढंच म्हणाली, “ये. पाहून जाय.”

नाल्याकडची पूर्ण बाजू आडवी झाली होती. मोडली नव्हती, निजली होती. खांब जमिनीलगत तुटले होते आणि बल्ल्या त्यांना धरून तशाच ओळीत पडल्या होत्या, तारेच्या टेकूंसकट. वाफे डुकरांनी नांगरल्यासारखे उलटवले होते. चवळीच्या वेलांना शेंडे नव्हते; ती रोह्यांची खूण. एका कोपऱ्यात, घराच्या बाजूला, आईने वांग्याची रोपं टाकली होती, हिवाळ्यासाठी. तेवढा वाफा कसा कोण जाणे वाचला होता.

आई रडली नाही. मला रडताना पाहून म्हणाली, “चपला काढ, चिखलात फसशील.”

दादा आला. त्याच्या हातात छत्री होती, ती त्याने आईवर धरली. “मामी,” तो आईला म्हणाला, “वाडी पडीत नका ठेवजो. मी करतो. माह्या तारेत घेतो. वर्षाचं जे होईन ते बोलू आपन.”

“कर,” आई म्हणाली.

“फक्त हे लाकूड काढा लागन. ओलं लाकूड तारेले टेकलं की करंट उतरते.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला त्याच्यावर चिडायचं होतं, फार चिडायचं होतं. पण पावसात उभा राहून त्याने छत्री आईच्या डोक्यावर धरली होती आणि स्वतः भिजत होता. अशा माणसाविरुद्ध काय छापायचं?

बाबा म्हणाले, “काढा.” एकच शब्द. चाळीस ओळींचं पत्रक लिहिणारा माणूस.

पाऊस उघडल्यावर एका रविवारी कुंपण काढलं. आदल्या दिवशी आईने काकूला सांगितलं होतं की लाकूड कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, आम्हाला एवढं लागत नाही. त्याचं पत्रक निघालं नाही. सकाळी मी वाडीत पोहोचले तर माणसं आधीच आली होती. किती माणसं! मामी, काकू, तंबाखूवाल्या आजोबांचे मुलगे, मी नावाने ओळखत नसलेली पोरं, दोन बैलगाड्या, एक छोटा हत्ती टेम्पो. सब्बली, कुऱ्हाडी, दोर. बाया पदर खोचून बल्ल्या ओढत होत्या. कुणीतरी गाणंसुद्धा धरलं. पेचकस मुठीपर्यंत गेलेला तो खांब एका पोराने एकट्याने लाथ मारून पाडला आणि सगळे ओरडले, “वा रे पहिलवान!”

माझ्या घशात सगळी वाक्यं आली. तेल लावायला कुठे होतात? वैशाखात कुठे होतात? पत्रकात मी ही वाक्यं सहज लिहिते. पण समोर काकू होती, जिने मला न्हाऊ घातलं होतं. तिचे हात गेरूने लाल झाले होते. ती मला म्हणाली, “काऊन व, अशी काऊन उभी? पकड ना उलसं तिकडून.” मी बल्लीचं दुसरं टोक पकडलं. दोघींनी ती गाडीत टाकली.

बाबा चहाची किटली घेऊन आले. स्वतः सगळ्यांना कप देत फिरले. आजोबांच्या थोरल्या मुलाने हाक मारली, “गुरुजी, भाषन नाई काय आज? इतके लोक जमले.” काही जण हसले. मला त्या हसण्यात टोमणा ऐकू आला, पण बाबांना नाही आला. त्यांनी किटली खाली ठेवली. अंगरखा ओढून सारखा केला. गर्दीकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला. मी देवाला मानत नाही, पण त्या क्षणी मी मनात म्हणाले, बोलू नका, बाबा, कृपा करून बोलू नका.

“एकच सांगतो,” बाबा म्हणाले. “हे लाकूड घरातल्या चुलीत घालू नका. बुडाला डांबर आहे. धूर वाईट राहते, लेकराबाळांना खोकला होईल. बाहेर पाणी तापवायलाच वापरा. आणि सगळे आलात, बरं वाटलं.”

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी हसलंही नाही. मग आजोबांचा थोरला मुलगा म्हणाला, “हो गुरुजी,” आणि गाडी हाकली.

उन्हं वर आली तेव्हा वाडी उघडी पडली होती. नुसते खड्डे, ओळीने, त्यांत पाणी साचलेलं. दादाची माणसं लोखंडी खांब उतरवत होती. आई कुठे दिसेना म्हणून मी घराच्या बाजूला गेले. ती रोपांच्या वाफ्यात उकिडवी बसली होती. खुरप्याने माती सैल करून एकेक रोप मुळासकट काढत होती, ओल्या फडक्यात गुंडाळत होती. मामी लाकडाची मोळी बांधून निघाल्या होत्या, त्यांना आईने थांबवलं.

“हे घेऊन जा. आज संध्याकाळीच लावजो. उद्यापर्यंत ठेवू नका, सुकते.”

“इतके?” मामी म्हणाल्या. “मास्तरीण, तुमाले नाई ठेवले?”

“मले कोठी लावाचे हाय आता?” आई म्हणाली आणि पुढचं रोप उचललं. “मुळाची माती झाडू नका तेवढी.”

मामींनी मोळी खाली ठेवली आणि ओटी पसरली.